नहराचें पाणी

हिंगोली जिल्ह्यांत पूर्णा नदीवर सिद्धेश्वरचें धरण आहे. मराठवाड्यांत पाण्याचा विषय निघाला कीं असा एखादा मोठा जलाशयच डोळ्यांसमोर येतो. परंतु धरणें होण्यापूर्वीं या प्रांतांतील सर्वांत मोठें नगर कोणत्या पाण्यावर जगलें, हें जाणणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

मलिक अंबरानें १६१० सालीं खडकी वसविली. तेंच पुढें औरंगाबाद व आजचें छत्रपती संभाजीनगर. तेथील खाम नदीचा बारमाही भरंवसा नव्हता. म्हणून अंबरानें उत्तरेकडील डोंगरांच्या पायथ्याशीं मुरलेलें पाणी हेरलें, आणि भुयारी नहर खणून तें केवळ उताराच्या बळावर नगरांत आणलें. गाळ काढण्यासाठीं वाटेंत विहिरींसारखीं तोंडें ठेविलीं. हाच नहर-ए-अंबरी होय. पुढें असे आणखी नहर झाले. पाणचक्कीचें जातें त्यांतल्याच एकाच्या पाण्यानें फिरे.

१९७६ सालीं पैठणजवळ जायकवाडी धरण पुरें झालें. नगर त्या पाण्यावर वाढलें आणि नहरांकडे दुर्लक्ष झालें. कित्येक ठिकाणीं त्यांवर घरें व रस्ते आले. पैठणचें पाणी यंत्रानें वर चढवावें लागतें; नहराचें आपण होऊन येई. लाखों लोकांची तहान एकट्या नहरांनीं भागणार नाहीं, हें आम्ही जाणतों. तथापि दूरचें पाणी आलें म्हणून जवळचें बुजवावें, हा हिशेब आम्हांस उमगत नाहीं. डोंगरपायथा मोकळा राखावा आणि उरलेले नहर साफ ठेवावे, एवढें तरी नगरवासीयांनीं करावें, अशी आमची विनंती आहे.