शेपटीचा साचा

माझे वडील कोल्हापुरात उद्यमनगरच्या फाउंड्र्यांना लाकडी पॅटर्न करून द्यायचे. ऑइल इंजिनाची फ्लायव्हील, पंपांच्या बॉड्या, कप्प्या. सगळं सागवानात. त्यांची कॉन्ट्रॅक्शनची पट्टी अजून माझ्याकडे आहे. ओतलेलं बीड थंड होताना शंभराला एक या हिशेबानं आकसतं, म्हणून त्या पट्टीवरचा इंच खऱ्या इंचापेक्षा तेवढाच मोठा. लहानपणी मी काही करायला घेतलं की ते विचारायचे, "आत काय घालणार ते ऱ्हाऊ दे. भाईर कसं काढणार ते सांग आधी."

आज वडिलांच्याच बाकावर मी मुलीच्या ग्लायडरची शेपटी करतो. पंखांचा पल्ला दीड मीटर. पंखाचं टोक बोटांत धरून, स्वतःभोवती गिरकी घेऊन, थाळीफेकीसारखा तो हवेत सोडायचा. इंजिन नाही, दोरी नाही.

मॉडेल म्हणजे मोठ्या विमानाची छोटी नक्कल, असं लोक धरून चालतात. शेपटीपुरतं तरी ते साफ उलटं आहे. शेपटी जन्मली तीच मॉडेलवर. 1804 साली इंग्लंडात, यॉर्कशरमधल्या ब्रॉम्प्टनला जॉर्ज केली यांनी सुमारे पाच फुटांच्या काठीवर एक पतंग पंखासारखा बसवला आणि मागच्या टोकाला आडव्या-उभ्या पात्यांची फुलीसारखी शेपटी. ती सांध्यावर फिरवून हवी तशी लावता यायची, आणि तोल साधायला पुढे वजन सरकवता यायचं. टेकडीवरून सोडलं की ते सरळ तरंगत खाली जाई. माणसाला घेऊन इंजिनावर उडणारं विमान यायला अजून जवळजवळ शंभर वर्षं होती, पण पंख, काठी, मागे शेपटी, पुढे वजन ही मांडणी तिथे पुरी झालेली होती. आमच्या ग्लायडरमध्ये काठी कार्बनची आहे आणि वजनाच्या जागी बॅटरी आहे, एवढाच फरक.

दुसरा माणूस फ्रान्सचा आल्फाँस पेनो. 18 ऑगस्ट 1871 रोजी पॅरिसच्या त्विलरी बागेत त्यानं रबराच्या पिळावर चालणारं मॉडेल उडवलं. 11 सेकंद, सुमारे 55 मीटर. त्याची आडवी शेपटी पंखापेक्षा किंचित खालच्या कोनात बसवलेली होती. नाक खाली गेलं की वेग वाढतो, वेग वाढला की हवा शेपटीला खाली दाबते, नाक आपोआप वर येतं. कुणी हात लावायला नको. पेनो तिशीतच, 1880 मध्ये, आयुष्य संपवून गेला. शेपटीचा कोन तपासायला पट्टी लावतो तेव्हा हा पोरगा मला हटकून आठवतो.

पुढे पोलंडच्या येझी रुडलित्स्की यांनी 1930 मध्ये तीन पात्यांचं काम दोनच पात्यांवर आणणाऱ्या व्ही आकाराच्या शेपटीचं पेटंट घेतलं. तीही मॉडेलवाल्यांनी आपलीशी केली.

साचा मात्र मोठ्या ग्लायडरकडून आमच्याकडे आला. जर्मनीत स्टुटगार्टला रिचर्ड एप्लर आणि हेरमान नेगेले यांच्यापुढची अडचण कुठल्याही पॅटर्नवाल्याला ओळखीची वाटेल. एप्लरांनी गणितानं काढलेले पंखांचे छेद कागदावर उत्तम होते, पण पृष्ठभाग जराही लहरता चालत नव्हता. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हात बसतं, आतल्या फासळ्या वरून उमटतात. म्हणून त्यांनी गुळगुळीत पृष्ठभाग साच्याकडून घ्यायचं ठरवलं. साच्यात काचकापड आणि रेझिन, मध्ये बाल्सा लाकूड. त्यातून झालेलं 'फीनिक्स' 27 नोव्हेंबर 1957 ला उडालं. काचतंतूचं ते पहिलं ग्लायडर. एप्लरांचे छेद मॉडेलवाले आजही नंबरानं ओळखतात. 'एप्लर 205' म्हटलं की पुढं काही सांगावं लागत नाही.

शेपटीला साचा करण्याचा एवढा खटाटोप का, तर वजनासाठी. आमच्या ग्लायडरची शेपटी तोलाच्या बिंदूपासून 72 सेंटिमीटर मागे आहे आणि बॅटरी 24 सेंटिमीटर पुढे. शेपटीत एक ग्रॅम वाढला की नाकात तीन भरावे लागतात.

पहिला साचा माझा फसला. आडव्या शेपटीच्या पुढच्या कडेला, जाडी जिथे वळते तिथे, पॅटर्न आधाराच्या फळीत अर्ध्यापेक्षा केसभर कमी बसला होता. ती कड साच्यात अडकली. मेणाचे सहा हात दिले होते, तरी पाचर मारून काढताना सागवान चिरलं. भाईर कसं काढणार, हे मीच विसरलो होतो.

दुसऱ्या खेपेला शांतपणे बसलो तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. ही शेपटी डावी-उजवी सारखी, आणि वरखालीही सारखीच फुगीर. म्हणजे वरचा अर्धा भाग पालथा केला की तोच खालचा. फळीवर एकच अर्धा पॅटर्न, त्याच्यावरून दोन साचे, आणि जुळणीच्या पिना मध्यरेषेपासून दोन्हीकडे अगदी सारख्या अंतरावर. फाउंड्रीत असे पॅटर्न वडिलांनी कितीतरी केले असतील. कॉन्ट्रॅक्शनची पट्टी मात्र इथे बाजूला ठेवली. इपॉक्सी इतकं कमी आकसतं की साधी पट्टी चालते.

मग 25 ग्रॅमी काचकापड, त्यावर एक मिलिमीटरचा फोम, वर व्हॅक्यूमची पिशवी. दुसऱ्या दिवशी सकाळी साचा उघडताना मुलगी शेजारी उभी होती. कड सुटताना बारीक टक् असा आवाज आला आणि शेपटी हातात आली. कडेला प्रकाश धरला तर बोट पलीकडून दिसत होतं. काट्यावर साडेपाच ग्रॅम.

दुसरी शेपटी सव्वासहा भरली. "बाबा, रेझिन कुठे राहिलं जास्त?" असं ती विचारतेय. ती शेपटी दिव्यासमोर धरून आम्ही दोघं तेच शोधतोय.