गोड्या पाण्यातील मासेमारी, अहिल्यानगर जिल्हा

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील नद्या, तलाव व धरणांच्या जलाशयांत चालणारा पारंपरिक व्यवसाय. जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. प्रवरा, मुळा, गोदावरी व भीमा या नद्यांवर आणि त्यांवरील धरणांवर येथील मच्छीमारांचे पोट आहे. अतिमासेमारी, ठेकापद्धती आणि पाण्याची अनिश्चितता यांमुळे हा व्यवसाय आज संकटात आहे.

जलाशय : अकोले तालुक्यातील भंडारदरा (१९२६, सु. ११ अब्ज घनफूट) व राहुरी तालुक्यातील मुळा (सु. २६ अब्ज घनफूट) ही जिल्ह्यातील प्रमुख धरणे. पैठणच्या जायकवाडी धरणाचा नाथसागर नेवासे व शेवगाव तालुक्यांत पसरला आहे, तर उजनी धरणाचा फुगवटा कर्जत तालुक्याला लागतो.

समाज व साधने : मासेमारीत भोई समाज अग्रेसर आहे. शासनाच्या सूचीत तो भटक्या जमातींत (ब) मोडतो. पालख्या-मेणे वाहणे, नदीपार उतारू नेणे ही त्याची जुनी कामे रस्ते व पूल झाल्यावर संपली. धरणे झाल्यावर, डोहात पाग (फेकायचे जाळे) टाकणाऱ्याला खोल पाण्यासाठी होडी व लांब नायलॉनची जाळी घ्यावी लागली. ज्याला ती परवडत नाही तो थर्माकोलच्या तराफ्यावर किंवा हवा भरलेल्या ट्यूबवर बसून जाळे लावतो. जाळे संध्याकाळी पसरायचे, पहाटे उचलायचे, हा नित्यक्रम. अकोल्याच्या डोंगराळ भागात महादेव कोळी व ठाकर कुटुंबे पहिल्या पावसात ओढ्यांवर चढणीचे मासे धरतात.

मरळ, वाम, शिंगटा हे येथले जुने मासे. कटला, रोहू व मृगळ यांची बोटुकली (लहान पिल्ले) जलाशयांत सोडली जाते. बाहेरून आलेली चिलापी साचलेल्या पाण्यातही झपाट्याने वाढते आणि स्थानिक माशांचे खाद्य व जागा बळकावते.

अतिमासेमारी : कटला, रोहू साधारण दुसऱ्या वर्षी प्रजननक्षम होतात. त्यांना अंडी घालण्यासाठी पुराचे वाहते पाणी लागते, म्हणून पावसाळ्यात ते नदी जलाशयाला मिळते त्या मुखाकडे सरकतात. नेमके तेथेच जाळे लागले की गाभोळीने भरलेली मादी सापडते आणि तिच्याबरोबर लाखांच्या घरातली अंडी जातात. उजनीत ‘वडाप’ नावाने ओळखली जाणारी बारीक आसाची (छिद्रांची) जाळी बोटभर पिल्लेही ओढून काढते. स्फोटके व विष वापरून मासे मारण्यास कायद्याने मनाई आहे. पण विस्तीर्ण जलाशयावर पाळत ठेवणे अवघड असते.

ठेका व पाणी : जलाशयातील मासेमारीचा हक्क ठरावीक मुदतीच्या ठेक्याने दिला जातो. मच्छीमार सहकारी संस्थांना तो मिळावा अशी अपेक्षा असली, तरी ठेक्याची रक्कम, बोटुकली व जाळी यांसाठी भांडवल लागते. ते नसलेली कुटुंबे व्यापाऱ्याकडून उचल घेतात आणि मासळी त्याच्याच भावाने घालतात. उद्या हे पाणी आपल्याकडे राहील की नाही याची खात्री नसलेला माणूस मासा वाढण्याची वाट पाहू शकत नाही. म्हणून अतिमासेमारीचा सगळा दोष मच्छीमाराच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

धरणातील पाण्याचे वाटप सिंचन, पिण्याचे पाणी व उद्योग यांच्या हिशेबाने होते. माशांसाठी किती पाणी राखायचे हा विचार मागे पडतो. दुष्काळात साठा तळाला गेला की उथळ डबक्यांत गोळा झालेले मासे सहज सापडतात आणि पुढच्या वर्षासाठी बीज उरत नाही. सांडपाणी व जलपर्णी यांनी पाण्यातील प्राणवायू घटतो, ते वेगळेच.

उपाय : एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीसमान दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्याचा लाभ ठेकेदारापुरता न राहता होडीतल्या माणसापर्यंत पोहोचला पाहिजे. विणीच्या काळात नदीमुखाशी मासेमारी बंद, आसाच्या आकारावर काटेकोर नियंत्रण, धरणात राखीव पाणी आणि स्थानिक संस्थांना दीर्घ मुदतीचा हक्क या चारही गोष्टी एकत्र अमलात याव्या लागतील. बंदीच्या महिन्यांत चूल पेटती राहील अशी मदत दिल्याशिवाय केवळ बंदी घालणे म्हणजे आधीच गरीब असलेल्यांवर नवा बोजा टाकणे होय.