वक्रांमधील क्षेत्रफळ

प्रतलातील दोन वक्रांच्या दरम्यान सापडणाऱ्या भागाचे क्षेत्रफळ. ते निश्चित समाकलनाने काढतात. क्ष = अ पासून क्ष = ब पर्यंत य = फ(क्ष) हा वक्र य = ग(क्ष) या वक्राच्या वर असेल, तर अ ते ब या सीमांमध्ये फ(क्ष) − ग(क्ष) या वजाबाकीचे समाकलन केले की क्षेत्रफळ मिळते.

क्षेत्राचे अत्यंत अरुंद उभे पट्टे पाडले, तर प्रत्येक पट्ट्याची उंची म्हणजे त्या जागी वरच्या व खालच्या वक्रांमधील अंतर. पट्टे अधिकाधिक अरुंद करत नेल्यास त्यांच्या क्षेत्रफळांची बेरीज ज्या सीमेकडे जाते, ती समाकलनाची किंमत. हिशेब दोहोंमधील अंतराचा असल्यामुळे वक्र क्ष-अक्षाच्या वर आहेत की खाली, याने फरक पडत नाही.

उदाहरण : य = क्ष² हा अन्वस्त आणि य = क्ष + २ ही रेषा घेऊ. क्ष² = क्ष + २ हे समीकरण सोडवल्यास छेदनबिंदू क्ष = −१ व क्ष = २ येथे मिळतात. क्ष = ० ठेवले असता रेषेची किंमत २ व अन्वस्ताची ० येते; म्हणून या टप्प्यात रेषा वर आहे. क्ष + २ − क्ष² चे समाकलन क्ष²/२ + २क्ष − क्ष³/३. त्याची किंमत क्ष = २ ला १०/३ आणि क्ष = −१ ला −७/६ असल्याने क्षेत्रफळ ९/२ चौरस एकक.

वक्र मध्येच एकमेकांना छेदून वर-खाली होत असतील, तर छेदनबिंदूपाशी क्षेत्राचे भाग पाडावे लागतात. य = क्ष व य = क्ष³ यांच्या वजाबाकीचे −१ ते १ असे सलग समाकलन केल्यास उत्तर शून्य येते; प्रत्यक्षात ० च्या दोन्ही बाजूंना १/४, मिळून १/२ एवढे क्षेत्रफळ असते. य² = क्ष व य = क्ष − २ यांसारख्या जोडीत आडवे पट्टे घेऊन य-सापेक्ष समाकलन करणे सोयीचे; उभ्या पट्ट्यांनी तेच काम दोन तुकड्यांत करावे लागते.

समाकलनाच्या कितीतरी आधी, इ. स. पू. तिसऱ्या शतकात आर्किमिडीज यांनी अन्वस्त व त्याची जीवा यांमधील क्षेत्रफळ काढले होते. जीवेला समांतर असलेली स्पर्शिका अन्वस्ताला जिथे टेकते, तो बिंदू व जीवेची दोन टोके यांच्या त्रिकोणाच्या ते ४/३ पट असते. वरील उदाहरणात तो बिंदू क्ष = १/२ येथे असून त्रिकोणाचे क्षेत्रफळ २७/८ आहे; त्याची ४/३ पट ९/२ च भरते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात न्यूटन व लायप्निट्स यांनी समाकलन ही अवकलनाची व्यस्त क्रिया म्हणून मांडली. त्यामुळे प्रत्येक वक्रासाठी नवी भूमितीय युक्ती शोधण्याची गरज उरली नाही.

अर्थशास्त्रात उत्पन्नातील विषमता मोजणारा गिनी गुणांक याच तत्त्वावर काढतात : समतेची रेषा (य = क्ष) व उत्पन्नाची प्रत्यक्ष वाटणी दाखवणारा लॉरेन्झ वक्र यांमधील क्षेत्रफळाच्या तो दुप्पट असतो. लॉरेन्झ वक्र य = क्ष² असल्यास हे क्षेत्रफळ १/६ आणि गुणांक १/३ येतो.