शेक आणि विटाळ

वैद्यकाचा इतिहास लिहिणाऱ्यांचें लक्ष बहुधा मोठ्या रोगांकडे जातें. पटकी, देवी, प्लेग यांच्या साथींचीं वर्षें नोंदलेलीं असतात. परंतु दर महिन्यास घरोघर येणारें आणि दोन दिवसांत ओसरणारें दुखणें इतिहासाच्या वहींत चढत नाहीं. ऋतुकालीं स्त्रियांना होणारा पोटशूळ, ज्यास वैद्य कष्टार्तव म्हणतात, असाच नोंदीबाहेर राहिला आहे. त्यावरील फार जुना व अगदीं सोपा उपाय म्हणजे शेक. हा उपाय कोणास ठाऊक होता, हा एक प्रश्न. आणि तो कोणास मिळाला, हा दुसरा. मालवणच्या किनाऱ्यावरील घरें डोळ्यांपुढें ठेवून या दोन प्रश्नांमधील अंतर आम्ही येथें पाहणार आहों.

प्रथम चीनकडे पाहूं. कारण उष्णतेच्या उपचारास स्वतंत्र शास्त्राचें रूप त्या देशानें दिलें. आपल्याकडील दवणा ज्या कुळांतला, त्याच कुळांतील एका वनस्पतीचीं पानें वाळवून, कुटून, त्यांचा कापसासारखा लगदा करावयाचा आणि तो शरीराच्या ठराविक स्थानीं किंवा त्या स्थानाच्या किंचित् वर धुमसत ठेवावयाचा, अशी ही पद्धति. मावांगदुई येथें इ. स. पू. १६८ सालीं बंद केलेली एक कबर १९७३ सालीं उकरण्यांत आली, तींत रेशमावर लिहिलेले वैद्यकाचे लेख सांपडले. या उपचाराचे उल्लेख त्यांतहि आहेत. गर्भाशयांत थंडी शिरली म्हणजे रक्त साकळतें व वेदना उठते, असें चिनी वैद्यांचें मत. म्हणून नाभीखालीं चार बोटांवरील स्थानास ते ऊब देत. या कलेंत नांव कमावलेली पाओ कू नामक वैद्या चौथ्या शतकांत होऊन गेली, असें चिनी परंपरा सांगते.

ही विद्या युरोपास कळली ती सतराव्या शतकांत, डच ईस्ट इंडिया कंपनीच्या वाटेनें. त्याच कंपनीची एक वखार आपल्या वेंगुर्ल्यास होती आणि तिचे अवशेष अजून तेथें उभे आहेत. कंपनीच्या बटाव्हिया शहरीं राहणाऱ्या हर्मान बुशॉफ या पाद्र्याच्या पायांची संधिवाताची व्यथा एका आशियाई वैद्यबाईनें या उपचारानें शमविली. त्यानें त्यावर पुस्तक लिहिलें व १६७६ सालीं त्याचें इंग्रजी भाषांतर लंडनला निघालें. ‘मोक्सा’ हें युरोपीय नांव जपानी ‘मोगुसा’ या शब्दावरून आलेलें आहे.

वेंगुर्ल्याच्या किंवा मालवणच्या माजघरास मात्र ही विद्या बाहेरून आणण्याची गरज नव्हती. चरकाच्या सूत्रस्थानाचा चौदावा अध्याय सबंध स्वेदनास वाहिलेला आहे. त्यांत अग्नीच्या साहाय्यानें घाम आणण्याचे तेरा प्रकार सांगितले आहेत. सुश्रुत तर तळहात, कांशाचें भांडें, खापर, वाळू आणि वस्त्र हीं शेकाचीं साधनें म्हणून मोजतो. यांतील एकहि वस्तु गरिबाच्या घरीं दुर्मिळ नाहीं. पुढें चिकित्सास्थानांत चरक उदावर्तिनी नांवाची व्याधि वर्णितो. वायूची गति उलटी होऊन स्त्रीस वेदना होतात व रक्त मोकळें होतांच तिला तत्काळ आराम पडतो, हें त्याचें निरीक्षण वाचलें म्हणजे कष्टार्तवाचेंच चित्र समोर उभें राहतें. त्यावर तो स्नेह व स्वेद, म्हणजे तेल आणि शेक, हेच उपाय प्रथम सांगतो.

ग्रंथांतील ही विद्या कोंकणांतील आजीबाईंच्या हातींहि होती. तव्यावर तापविलेल्या मिठाची किंवा वाळूची पुरचुंडी, शेगडीवर शेकलेलें एरंडाचें पान, निर्गुडीचा पाला घालून उकळलेलें पाणी, हे उपाय तिला सांगावे लागत नसत. शिरोड्याच्या मिठागरांचें नांव १९३० च्या सत्याग्रहानें देशभर झालें. पण तेंच मीठ त्यापूर्वीं व त्यानंतरहि पुरचुंडींत बांधलें जाऊन दुखऱ्या कमरेवर फिरत राहिलें. या विद्येचा खरा थाट दिसे तो बाळंतिणीच्या खोलींत. बाजेखालीं शेगडी, तींत ओवा व बाळंतशोपा यांची धुरी, अंगास तेल, कढत पाण्याचें न्हाणें. सव्वा महिना घर जणूं त्या उबेभोंवतीं फिरे. आनंदीबाई जोशी यांनीं १८८६ सालीं फिलाडेल्फियास वैद्यकाची पदवी घेतली, तेव्हां त्यांच्या प्रबंधाचा विषयहि आर्य हिंदूंचें प्रसूतिशास्त्र हाच होता.

आतां त्याच घरांतील दुसरें चित्र पाहावें. कावळा शिवला म्हणजे मुलगी किंवा सून तीन दिवस पडवीच्या कोपऱ्यांत बसे. चुलीस, पाण्यास, अंथरुणास तिचा स्पर्श चालत नसे. चौथ्या दिवशीं न्हाल्यावर ती घरांत येई. सुश्रुताच्या शारीरस्थानांतहि रजस्वलेनें वर्ज्य करावयाच्या गोष्टींत अभ्यंग व स्नान हीं सांगितलेलीं आहेत. म्हणजे ज्या तीन दिवसांत तेलाची, ऊन पाण्याची व शेकाची गरज सर्वांत अधिक, त्याच दिवसांत तीं सर्व दूर राहत. ज्या जिल्ह्यांत वर्षाकाठीं सुमारें तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, तेथील श्रावणांतली ओलसर पडवी, खालीं एक जुनेर आणि आंत पेटलेली चूल, एवढें चित्र पुरे आहे. निखारा दहा पावलांवर होता. पण तो कोणीतरी आणून द्यावयास हवा होता, आणि मागावयाचा तर दुखणें बोलून दाखवावयास हवें होतें. तें बोलणेंच लाजेचें मानलें जाई.

या रूढीच्या बाजूनें असें सांगतात कीं, तिच्यामुळें कष्टाळू स्त्रीस तीन दिवस विसांवा तरी मिळे. या म्हणण्यांत तथ्य मुळींच नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. दळणकांडण, पाणी, स्वयंपाक यांतून सुटका ही लहान गोष्ट नव्हे. परंतु हा विसांवा खाऊनपिऊन सुखी घरांतला. ज्या घरच्या बायका मासळीची पाटी घेऊन बाजारास जात किंवा चिखलांत भात लावीत, त्यांस तो कोठून मिळणार? आणि जिला मिळे तिचा विसांवाहि अस्पृश्यतेची किंमत देऊन घेतलेला असे. आजारी माणसाच्या उशाशीं आपण बसतों. हिच्याजवळ मात्र कोणी बसत नसे. बाळंतिणीची वेदना घराच्या वंशाशीं जोडलेली, म्हणून तिला शेगडी. ऋतुमतीची वेदना केवळ तिची एकटीची, म्हणून तिला कोपरा. आमच्या मतें साऱ्या प्रकरणाचें मर्म हें आहे.

शेकाचा गुण हा निव्वळ समज नव्हे, हें आतां प्रयोगांनीं ठरलें आहे. ऋतुकालीं गर्भाशयांत प्रोस्टाग्लँडिन नांवाचीं द्रव्यें वाढून त्याचे स्नायु आवळतात व त्यांचा रक्तपुरवठा घटतो, म्हणून कळा येतात. उबेनें स्नायु सैल पडतात व रक्त खेळतें. २००१ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणींत ओटीपोटावर सतत ठेवलेली सुमारें ३९ अंश सेल्सिअसची ऊब आयबुप्रोफेन या वेदनाशामक औषधाइतकी गुणकारी ठरली. त्वचेंतील मज्जातंतूंस उष्णता कोणत्या द्वारानें कळते, हें १९९७ सालीं डेव्हिड ज्युलियस यांनीं दाखविलें व त्याबद्दल २०२१ सालीं ते नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले. अर्थात् शेक म्हणजे चटका नव्हे. कातडी भाजेल इतकें ऊन कांहीं ठेवूं नये. शिवाय वेदना वर्षागणिक वाढत असेल, किंवा काम सोडून निजावें लागत असेल, तर शेकावर न थांबतां डॉक्टरांस दाखवावें. तिच्यामागें दुसरा विकार असूं शकतो.

पडवीचा कोपरा आतां पुष्कळ घरांतून गेला आहे, आणि रबरी पिशवी कोणत्याहि औषधाच्या दुकानांत मिळते. तरी गडचिरोलीच्या माडिया वस्त्यांतून ऋतुमतीस गांवाच्या कडेच्या कुर्माघरांत राहावें लागण्याची चाल अद्याप सर्वस्वीं सुटलेली नाहीं. आणि सुशिक्षित घरांतहि या दिवसांतलें दुखणें मुलगी आईस हळूच सांगते, बापास सांगतच नाहीं. चीनच्या वैद्यांनीं, चरकानें आणि आमच्या आजीबाईंनीं उबेची विद्या पिढ्यानपिढ्या सांभाळली; उणीव विद्येची कधींच नव्हती. ऊन पाण्याची पिशवी भरून, न मागतां, मुलीच्या हातीं देण्याचें काम घरांतील कोणासहि करतां येण्यासारखें आहे. तें बापानें किंवा भावानें केलें, तर चुलीपासून पडवीपर्यंतचीं तीं दहा पावलें एकदांचीं चालून झालीं असें म्हणतां येईल.