वेगवान धावण्याच्या सरावात चढ आणि पायऱ्या

पिनर : लंडनच्या वायव्येकडील या उपनगरात राहणाऱ्या मराठी माणसाला चढ शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. पिनरची जुनी हाय स्ट्रीट सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चच्या दिशेने चढत जाते, उत्तरेला पिनर हिल आहे आणि मेट्रोपॉलिटन लाइनने काही मिनिटांवर हॅरो-ऑन-द-हिलची टेकडी उभी आहे. याच हॅरोत १९२९ साली रॉजर बॅनिस्टर यांचा जन्म झाला. चार मिनिटांच्या आत एक मैल धावणारा हा पहिला मनुष्य वैद्यकाचा विद्यार्थी होता आणि दुपारच्या सुट्टीत पॅडिंग्टनच्या मैदानावर थोडक्या वेळाचा, पण तीव्र सराव करीत असे. ते मध्यम पल्ल्याचे धावपटू होते. तथापि वेळ कमी असलेल्या नोकरदाराला त्यांच्या उदाहरणातून जे शिकता येते, तेच चढावरील सरावाचे मर्म आहे : थोडे, तीव्र आणि पुरेशा विश्रांतीसह.

चढावर काय घडते

सपाटीवर पूर्ण वेगाने धावताना पुढे गेलेला पाय जमिनीवर येण्याच्या बेतात असतो, तेव्हा मांडीमागचे स्नायू ताणलेल्या अवस्थेत मोठा भार पेलतात. वेगवान धावपटूंच्या बहुतेक दुखापती तेथेच होतात. चढावर वेग कमी होतो, पाऊल आखूड पडते आणि पाय जमिनीवर अधिक काळ टेकतो. त्यामुळे या स्नायूंवरील ताण घटतो. उलट नितंब, मांडीचा पुढचा भाग व पोटरी यांना शरीर वर ढकलण्याचे काम अधिक करावे लागते. गुडघा आपोआप उंच उचलला जातो आणि शरीर किंचित पुढे झुकते. शर्यतीच्या आरंभी वेग वाढवताना शरीराची ठेवण जवळजवळ अशीच असते. म्हणून प्रशिक्षक चढाचा उपयोग मुख्यतः पहिल्या तीस-चाळीस मीटरांची ताकद वाढवण्यासाठी करतात. कमाल वेग मात्र चढावर शिकता येत नाही; त्यासाठी सपाट धावपट्टीच लागते.

चढ किती असावा

ब्रिटनमधील रस्त्यांवर चढाची तीव्रता टक्क्यांत लिहिलेली असते. १०० मीटर अंतरात ५ मीटर उंची म्हणजे ५ टक्के, कोनात मोजल्यास सुमारे ३ अंश. धावण्याची शैली न बिघडता सराव करायचा असल्यास इतका चढ पुरतो. १० टक्क्यांचा, म्हणजे पावणेसहा अंशांच्या आसपासचा चढ ताकदीसाठी उपयोगी आहे. त्याहून तीव्र चढावर माणूस कमरेत वाकतो आणि धावणे हे ढकलत चढणे होऊन बसते.

पायऱ्यांचे वेगळेपण

चढावर पाऊल कोठे टाकायचे हे धावणारा ठरवतो. पायऱ्यांवर ते गवंड्याने ठरवलेले असते. एकेक पायरी घेतल्यास पावलांची चपळाई वाढते, दोन-दोन घेतल्यास ताकद. पुण्यात पर्वतीच्या १०३ पायऱ्या रोज चढणारे अनेकांच्या परिचयाचे असतील. पण तेथील रुंद, उतरत्या दगडी पायऱ्या आणि इंग्लंडमधील इमारतींचा आखीव जिना यांची लय एक नव्हे. एका ठिकाणची सवय दुसरीकडे जशीच्या तशी नेऊ नये.

पायऱ्यांवरून शक्ती मोजताही येते. इटालियन शरीरशास्त्रज्ञ रोडोल्फो मार्गारिया यांनी १९६६ साली मांडलेली आणि पुढे कॅलामेन यांनी सुधारलेली चाचणी प्रसिद्ध आहे. सहा मीटर धावत येऊन तीन-तीन पायऱ्या घेत चढायचे आणि तिसऱ्या पायरीपासून नवव्या पायरीपर्यंतचा वेळ मोजायचा. ७० किलो वजनाची व्यक्ती १७.५ सेंटिमीटरच्या सहा पायऱ्या, म्हणजे १.०५ मीटर उंची, अर्ध्या सेकंदात चढली, तर वजन, उंची आणि ९.८ यांचा गुणाकार करून त्याला वेळेने भागायचे. उत्तर येते सुमारे १,४४० वॅट.

सरावाचा आराखडा

आधी पंधरा मिनिटे हळू धावणे व सांधे मोकळे करणे. मग सौम्य चढावर आठ सेकंदांच्या चार धावा. काही आठवड्यांनी त्या सहा ते आठ कराव्यात. प्रत्येक धावेनंतर चालत खाली यावे आणि दोन ते तीन मिनिटे थांबावे. या विश्रांतीला आळस समजू नये. अशा धावेला स्नायूंतील क्रिएटिन फॉस्फेटचा साठा लागतो आणि तो भरून येण्यास काही मिनिटे जातात. विश्रांती कापली की सराव वेगाचा न राहता दमाचा होतो. वेग घटू लागताच त्या दिवशीचे काम संपले असे मानावे. आठवड्यातून एक दिवस पुरे. दुसरा घेतल्यास मध्ये किमान ४८ तास जाऊ द्यावेत.

धोके

चढावर पोटरी व टाचेमागची अकिलिस कंडरा अधिक ताणली जाते. सकाळी उठल्यावर तेथे ताठरपणा जाणवत असेल, तर आधी सपाटीवर यावे. उतारावर आणि पायऱ्या उतरताना कधीही धावू नये. उतरताना स्नायूंना बसणारे हिसके दुसऱ्या दिवशी दुखतात आणि घसरण्याचे भय तेथेच अधिक. शरद ऋतूत ओली पाने आणि डिसेंबरात चारच्या सुमारासच होणारा सूर्यास्त लक्षात घेऊन जागा निवडावी.

सर्वांत महत्त्वाची बाब हृदयाची. दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांत हृदयविकार तुलनेने लवकर व अधिक प्रमाणात आढळतो. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या पंचेचाळिशीतल्या गृहस्थाने एखाद्या रविवारी उत्साहाच्या भरात टेकडीवर पूर्ण वेगाने धावणे, हे शरीरावर अकस्मात टाकलेले ओझे आहे. इंग्लंडमध्ये ४० ते ७४ वयाच्या, हृदयविकार वा मधुमेह यांसारखे ठरावीक आजार नसलेल्या व्यक्तींना दर पाच वर्षांनी एनएचएसची मोफत आरोग्य तपासणी मिळते; रक्तदाब व कोलेस्टेरॉल तेथे कळते. आधीच आजार असल्यास थेट आपल्या जीपीचा सल्ला घ्यावा. छातीत दडपण, भोवळ किंवा अकारण धाप लागल्यास तत्क्षणी थांबावे. थांबूनही छातीतील दडपण ओसरले नाही, तर ९९९ ला दूरध्वनी करावा.

तपासणी झाल्यावर पहिला महिना चढ केवळ झपझप चालत चढावा, दुसऱ्या महिन्यात अर्ध्या वेगाने धावावा आणि पूर्ण जोर त्यानंतरच लावावा. टेकडी कोठेही जात नाही.