जुन्या डिझेल मोटारीचे हीटर प्लग

उज्जैनजवळ क्षिप्रेकाठी असलेल्या भैरवगढास, कालभैरवाच्या दर्शनासाठी, हिवाळ्यात गोव्याहून जुन्या डिझेल मोटारीने निघायचे असेल, तर हीटर प्लग आधी तपासणे इष्ट.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटते. पुण्यात तयार झालेल्या, १९९८ मध्ये सादर झालेल्या टाटा इंडिकासारख्या गाड्यांत इंधन प्रथम एका लहान पूर्वकक्षात फवारले जाते. त्याच्या थंड भिंती उष्णता शोषतात. म्हणून प्रत्येक सिलिंडरला एक हीटर प्लग असतो.

गोव्याच्या उबदार हवेत एखादा प्लग निकामी असूनही इंजिन सुरू होते. माळव्यात पहाटे पारा १० अंशांखाली उतरला की तोच दोष उघडा पडतो.

चावी बंद ठेवून प्लगांना जोडणारी पट्टी काढावी. १२ व्होल्टच्या दिव्याची एक तार बॅटरीच्या धन टोकास, दुसरी प्रत्येक प्लगच्या टोकास लावून पाहावी. दिवा न लागल्यास प्लग बदलावा. सर्व प्लग ठीक असल्यास रिले व फ्यूज तपासावेत.

ईथरचा फवारा मात्र मारू नये. तापलेल्या प्लगमुळे तो अवेळी पेटून पिस्टनची हानी होऊ शकते.