बांधावरचा शब्द

पहूरला बोलायला उभं राहिलं की आम्हाला वाकोद आठवतंच. इथून अजिंठ्याच्या रस्त्याने थोडं पुढे गेलं की ते गाव लागतं. भवरलाल जैन तिथले, जन्म 12 डिसेंबर 1937 चा. त्यांच्या उद्योगाच्या मोठेपणाविषयी तुम्ही पुष्कळ ऐकलं आहे, ते आज सांगत नाही. आम्हाला रस आहे तो त्या उद्योगाच्या लहानपणात. एका गिऱ्हाइकाच्या बोलण्यावरून दुसरं गिऱ्हाईक कसं येतं, हा आमचा प्रश्न.

1963 साल. मुंबईला वाणिज्य आणि कायदा शिकून आलेला हा तरुण सरकारी अधिकाऱ्याची नोकरी नाकारतो आणि घरच्या 7000 रुपयांच्या पुंजीवर जळगावात रॉकेल विकू लागतो, तेही हातगाडीवरून. आता रॉकेल घेणाऱ्याला शंका दोनच असतात. माप पुरं आहे का, आणि भेसळ तर नाही ना? दोन्हींची उत्तरं घरी गेल्यावरच मिळतात. कंदिलाची काच लवकर काजळली तर बाई शेजारणीला सांगणारच, आणि नाही काजळली तरी सांगणार. दुकानदार त्या ओट्यावर हजर नसतो, पण त्याचा निकाल तिथेच लागतो.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे गाडी न्यायदर्शनाकडे वळते, त्याला इलाज नाही. नैयायिकांनी प्रत्यक्ष, अनुमान, उपमान यांच्या जोडीला शब्द हेही प्रमाण मानलं. मात्र कुणाचाही शब्द नव्हे, तो आप्ताचा हवा. आप्त म्हणजे सोयरा नाही हो! ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जी जशी आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. वात्स्यायन तर पुढे जाऊन म्हणतो की हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेच्छाला सारखंच लागू आहे. शब्दाला वजन येतं ते जाणण्यामुळे, जन्मामुळे नाही.

रॉकेलनंतर शेतीचा माल आला. 1978 मध्ये केळीच्या भुकटीचा बंद कारखाना 30 लाखांना घेतला, आणि तिथे पपईच्या चिकापासून पपेन काढायला सुरुवात झाली. 1980 च्या सुमारास पीव्हीसी पाइप, 1986 मध्ये कंपनी, आणि मग ठिबक. क्रम नीट पाहा. चीक विकणारा शेतकरी आणि पाइप घेणारा शेतकरी, एकाच शिवारातली माणसं. चिकाचे पैसे वेळेवर मिळाले की नाही, यावरच पाइपाची गोष्ट ऐकायची की नाही हे ठरणार.

ठिबकला तर आमच्या मते बांधच उपयोगी पडला. थेंबाथेंबाने केळी जगेल यावर कोण विश्वास ठेवणार? पण शेजारच्या मळ्यात नळ्या अंथरलेल्या दिसतात. तोट्या चोंदतात का, चोंदल्यावर कंपनीचा माणूस येतो का, घड कसा पडला, सगळं बांधावरून दिसतं. रावेर-यावलकडे केळीचे कंदसुद्धा पूर्वी असेच यायचे, ज्याची बाग डोळ्यांनी पाहिली त्याच्याकडून. अमेरिकेत आयोवा राज्यात रायन आणि ग्रॉस यांनी संकरित मक्यावर अभ्यास केला, तो 1943 मध्ये छापून आला. बियाण्याची बातमी बहुतेकांना विक्रेत्याकडून कळली होती, पण खात्री पटवण्यात शेजाऱ्याचा वाटा मोठा होता. म्हणजे खानदेश काय नि आयोवा काय!

नव्वदच्या दशकात हाच उद्योग वित्त, सॉफ्टवेअर अशा शेतीबाहेरच्या क्षेत्रांत शिरला आणि तोट्यात गेला. चूक झाली हे भवरलालजींनी मान्य केलं आणि ते पुन्हा शेतीकडे वळले. कारणं अनेक असतील. आम्हाला एक दिसतं, त्या धंद्यांना बांध नव्हता. शेजाऱ्याने डोकावून पाहावं असं तिथे काही नव्हतं.

आता आमची स्वतःची फजिती. जामनेरकडे आमचे एक मेव्हणे आहेत. त्यांना विहिरीवर मोटार बसवायची होती. आम्ही एका दुकानाचं नाव ठामपणे सांगितलं. का? तर दुकानदार आमचा माजी विद्यार्थी, वागायला नम्र. मोटारीतलं आम्हाला ओ की ठो कळत नव्हतं. ऐन उन्हाळ्यात ती दोनदा जळाली, कपाशीची रोपं गेली. मेव्हणे बोलले काहीच नाहीत. त्या दिवाळीला मात्र त्यांच्याकडे जायला आमचे पाय उचलेनात.

पुढच्या वर्षी त्यांनी नवी मोटार घेतली. आम्हाला विचारलं नाही. शेजारच्या मळ्यातल्या सालदाराला विचारलं. तो रोज पहाटे स्वतः मोटार चालू करायचा.